रंगाआधी पाण्याची वाट शोधा

आम्ही नौपाड्यात राहतो. इमारत १९८४ची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आमचं घर शेवटच्या मजल्यावर. दर पावसाळ्यात आतल्या खोलीची पश्चिमेकडची भिंत आणि छताचा कोपरा ओला होतो. दिवाळीला आम्ही रंग लावतो, पुढच्या श्रावणात परत पापुद्रे. यंदा पेंटर आतून डॅम्पप्रूफ करून देतो म्हणतोय. त्याच खोलीत सासूबाई झोपतात. वय ७८, जुना दमा, जुलैपासून रात्री खोकून खोकून बसून राहतात. सेक्रेटरी म्हणतात, लीकेज तुमच्या घरात आहे, तुमचं तुम्ही बघा. मला झाडांची आवड. खिडकीच्या ग्रिलमध्ये पंचवीस-तीस कुंड्या आहेत, त्यावरून खालचे काका आमच्याशी बोलत नाहीत. मुलगा ऐरोलीला नोकरी करतो. तो म्हणतो, हे घर विका, घोडबंदरला नाहीतर खारघरला नवीन घेऊ. सासूबाई म्हणतात, मी इथून हलणार नाही. मिस्टर काहीच बोलत नाहीत. काय करू?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

ताई,

तुमच्या घरात मुलगा विक्रीपासून सुरुवात करतोय आणि पेंटर रंगापासून. तुम्ही सासूबाईंच्या पलंगापासून करा. आज रात्रीच त्यांना त्या खोलीतून हलवा. हॉलमध्ये जागा नसली तर तुम्ही दोघं आतल्या खोलीत जा आणि तुमची खोली त्यांना द्या. ओल्या भिंतीवरची बुरशी आपले सूक्ष्म कण हवेत सोडत असते. ओलसर गादीत धुळीतले डोळ्याला न दिसणारे जीवही वाढतात. दमेकऱ्याच्या श्वासनलिका या दोन्हींनी आणखी आवळतात. जुलैतच त्रास वाढला हा योगायोग वाटत नाही.

गादी कापसाची असेल आणि तिला कुबट वास येत असेल तर ती परत वापरू नका. ऑक्टोबरच्या उन्हात टाकली तरी आतवर गेलेली बुरशी पूर्ण निघत नाही. नव्या पलंगाजवळ भिंतीला टेकून कपाट किंवा गोधड्यांचा ढीग नको, हवा फिरायला चार बोटं फट ठेवा. पावसात कपडे खोलीत दोरीवर वाळवायची आपल्याकडे सवयच आहे, पण त्यांच्या खोलीत ते करू नका. कपड्यांतलं सगळं पाणी त्याच हवेत जातं. मच्छर अगरबत्ती, धूप, कापूर, संध्याकाळचा ऊद यातलं काहीही त्यांच्या खोलीत नको. डासांसाठी मच्छरदाणी लावा. देवापुढची उदबत्ती बंद करायला सांगणं अवघड असतं हे मला कळतं. पण हे डॉक्टरांच्या तोंडून सांगितलं गेलं तर त्या ऐकतील.

डॉक्टरांचं म्हणाल, तर कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरांच्या खोकल्याच्या औषधावर आता थांबू नका. छातीच्या डॉक्टरांकडे नेऊन फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी करून घ्या. रात्री उठून बसावं लागणं दम्यामुळे असू शकतं, या वयात हृदयामुळेही असू शकतं, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. पंप दिला तर ‘पंपाची सवय लागते’ ही भीती मनातून काढा. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दलही त्याच भेटीत विचारा. आणि एवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या: एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसले, किंवा पंप घेऊनही दम बसेना, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ला फोन करायचा नाहीतर रिक्षा करून हॉस्पिटल गाठायचं.

आता भिंत.

पेंटरला नाही म्हणा. त्याचा माल वाईट असेल असं नाही, पण पाणी बाहेरून येतंय आणि तो आतून दार लावतोय. आतून थर चढवला की पाणी भिंतीतच अडकतं, दुसरीकडे सरकतं, आणि पुढच्या पावसात बीमखाली किंवा खिडकीच्या वर निघतं. भिंत आतवर ओली असताना मारलेला कुठलाही रंग टिकत नाही. जाड भिंत वाळायला महिने लागतात. यंदाची दिवाळी त्या खोलीत पापुद्रे खरवडलेल्या भिंतीवर जाऊ द्या. पाहुण्यांना हॉलमध्ये बसवा.

बुरशीचे काळे डाग मात्र आत्ताच काढायचे. सुक्या ब्रशने घासू नका, ती खोलीभर उडते. तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे, खिडक्या सताड उघड्या. साबणाच्या पाण्याने ओलं करून फडक्याने पुसायचं आणि पंख्याखाली वाळवायचं. ब्लीच वापरलंच तर ते कधीही संडासच्या अ‍ॅसिडमध्ये किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो निरोगी माणसालाही घातक आहे. हे काम सुरू असताना सासूबाई घरात नसाव्यात.

पाणी नेमकं कुठून येतंय याचा अंदाज तुम्ही स्वतः घेऊ शकता. भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती खोलीतल्या हवेचीच वाफ. तुमच्या वर्णनावरून पहिलाच निकाल येईल असं वाटतं. आपला पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे पश्चिमेची भिंत चार महिने सरळ मार खाते. छताच्या कोपऱ्याचं कारण बहुधा गच्चीत आहे. त्यात एक खूण लक्षात ठेवा. गच्चीची गळती पावसाच्या झडीनंतर सुरू होते आणि ऊन पडल्यावरही काही दिवस टिपकत राहते. जानेवारीतही तोच डाग ओला असेल तर पाण्याची टाकी किंवा पाइप तपासा.

पाऊस थांबला की मिस्टरांना घेऊन गच्चीवर जा आणि तुमच्या कोपऱ्याच्या वर नीट बघा. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि गच्चीची फरशी जिथे मिळतात तिथली सिमेंटची गोलसर कड (वाटा) फुटलीय का? पाणी जायचं तोंड पानांनी तुंबलंय का? बीडाच्या जुन्या पाइपांच्या सांध्यातून, पॅरापेटच्या भेगेतून पिंपळ किंवा वड उगवलाय का? नौपाडा-चरईच्या जुन्या इमारतींवर हे रोप जवळजवळ सगळीकडे दिसतं, आणि गणपतीआधी कुणीतरी ते कोयत्याने छाटून टाकतं. छाटल्याने मूळ मरत नाही, उलट जाड होऊन आत शिरतं आणि त्याच वाटेने पाणी जातं. ते मुळासकट काढून भेग भरावी लागते. फोटो काढा, तारखेसकट.

गच्चीत पाणी भरून ठेवायची चाचणी कुणी सुचवली तर आधी इंजिनियरला विचारा. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर शंभर किलो वजन. चाळिशी उलटलेल्या स्लॅबवर ते सांगोवांगी करायचं नसतं. जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या आणि सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगच्या थरावर, नवा कोबा चढवण्याचंही तसंच. पाच-सात वर्षांनी एकेक थर चढवत गेलेल्या सोसायट्या स्लॅबवर किती ओझं टाकतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. जुना थर उतरवून उताराचं काम नव्याने करणं महाग पडतं, पण खरं काम तेच.

तुमच्या छताच्या कोपऱ्यात नुसती ओल आहे की प्लास्टर फुगलंय, तांबूस रेघा दिसतायत? पत्रात ते नाही, म्हणून विचारते. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. फुगलेला भाग बोटाने ठोकल्यावर पोकळ वाजला तर त्याच्याखाली कुणीही झोपू नका, तुम्ही दोघंसुद्धा. अशा वेळी तिघांनाही हॉलमध्ये अंथरुण घालावं लागलं तरी चालेल.

आणि इथेच सेक्रेटरींचं म्हणणं चुकतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत (बायलॉजमध्ये) गच्ची, पॅरापेट, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची असं लिहिलंय. त्यात शेवटच्या मजल्यावरच्या घराचं गच्चीच्या गळतीने खराब झालेलं छत आणि त्याचं प्लास्टरही नाव घेऊन आहे. म्हणजे तुमच्यासारख्यांचा विचार उपविधी करणाऱ्यांनी आधीच करून ठेवलाय. तुमच्या बाथरूमची गळती खाली गेली तर ती तुमची, पण आभाळातलं पाणी वरून आलं तर ते सगळ्या सभासदांचं. तुमच्या सोसायटीने कुठले उपविधी स्वीकारलेत त्याची प्रत सेक्रेटरींकडून मागून घ्या.

जिन्यात उभं राहून बोलणं थांबवा आणि लेखी अर्ज द्या. फार मोठं काही लिहू नका: कुठल्या खोलीत, केव्हापासून, सोबत फोटो, घरात ७८ वर्षांच्या दमेकरी बाई राहतात, गच्ची आणि पश्चिमेच्या भिंतीची पाहणी करून दुरुस्ती करावी, आणि इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची इंजिनियरकडून तपासणी, करावं. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. ती अजून व्हायची असेल तर विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला सांगा. होऊन गेली असेल तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते. खालच्या काकांची सही त्यात हवी असेल, तर कुंड्यांचं आधी बघावं लागेल. त्यावर येतेच. अर्जाला दाद मिळाली नाही तर गळती-दुरुस्तीचा वाद सहकार न्यायालयात नेता येतो. पण बहुतेक ठिकाणी पोच घेतलेला अर्ज आणि सभेत बोलणारे चार सभासद एवढ्यावर काम हलतं.

ऑडिटचा आग्रह मी मुद्दाम धरतेय. उपविधींप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. महापालिका कायद्यातही अशा इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी सांगितलीय. तुमची इमारत चाळिशी ओलांडून गेली. अहवालात इमारतीची श्रेणी येते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या लोकांसह मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ काम. घर विकायचं, राखायचं की पुनर्विकासाला द्यायचं, याचं उत्तर या एका अक्षर-आकड्यात बरंचसं दडलेलं आहे. तो हातात येईपर्यंत विकण्याबद्दल घरात भांडणं करू नका. मुलालाही हेच सांगा. ओली भिंत दाखवून विकलेल्या घराची किंमत समोरचा पाडून मागतो, आणि पाणी कुठून येतंय हे तुम्हालाच माहीत नसेल तर तुम्ही त्याच्याशी बोलणार तरी काय?

आता झाडं. काकांचं रागावणं बरोबर आहे, ताई. ग्रिलमध्ये ठेवलेल्या कुंडीचं पाणी छज्ज्यावर पडतं, मातीने छज्जा कायम ओला राहतो आणि तीच ओल भिंतीतून आत झिरपते. तुमच्या पश्चिमेच्या ओलीत थोडा वाटा या कुंड्यांचाही असू शकतो. शिवाय तिसऱ्या मजल्यावरून एखादी कुंडी पडली तर काय होईल हे मी लिहायला नको. कुंड्या ग्रिलमधून पूर्ण काढा. तुळस, गवती चहा, कढीपत्ता आणि जी झाडं तुम्हाला खरंच जीव लावतात ती घरात, उन्हाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला, तबकात ठेवा. माती कमी, कोकोपीट आणि गांडूळखत जास्त, म्हणजे वजन कमी होतं. बाकीची ओळखीत वाटा. दुरुस्ती झाल्यावर सभेच्या परवानगीने गच्चीत स्टँडवर चार झाडं ठेवता येतील, पण वॉटरप्रूफिंगवर थेट कुंडी टेकवायची नाही. तबकातलं पाणी दर आठवड्याला ओतून तबक आतून घासायचं. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, ती कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने तग धरतात, आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. बाटलीतला मनीप्लांट आणि फ्रिजमागचा ट्रे विसरू नका. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण असेल तर साबणपाण्यात थोडं नीमतेल घालून फवारा, पण सासूबाई त्या खोलीत नसताना.

कुंड्या काढल्यावर काकांच्या घरी स्वतः जा. मिस्टरांना पाठवू नका, तुम्ही जा.

राहता राहिला मुलाचा प्रश्न. त्याच्या मनात आजीची काळजी आहे हे मला दिसतं, आणि लिफ्ट हवी हे त्याचं म्हणणं योग्यच आहे. पण त्याच्यापुढे एक गोष्ट ठेवा. आज तो ठाणे स्टेशनवरून दिघा गाव टाकून पुढच्या स्टेशनला उतरतो. घोडबंदरला कासारवडवली-ओवळ्याकडे गेलात तर आधी ठाण्यापर्यंत यावं लागेल, आणि गायमुख घाटात रस्त्याचं काम निघालं की तिथली सकाळ कशी जाते ते ठाणेकराला सांगायला नको. खारघर मोकळं आहे, डोंगर आहे, सेंट्रल पार्क आहे. पण शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे आणि तिथले लोक रात्रीच्या रासायनिक वासाची तक्रार वर्षानुवर्षं करत आलेत. दमेकरी माणसासाठी घर बघायचं तर सकाळी अकराला सॅम्पल फ्लॅट बघून चालत नाही. जुलैत जा, रात्री दहाला जा, खिडकी उघडून उभे राहा. घोडबंदरच्या संकुलात सोसायटीच्या हिशेबातली उन्हाळ्यातली टँकरची बिलं बघायला मागा. नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोची भाडेपट्ट्यावरची, घर नावावर करून घ्यायला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं का ते आधी विचारा आणि हिशेबात धरा. आणि नव्या टॉवरची भिंत गळत नाही असं समजू नका. उंचावर वारा जास्त, पाऊस आडवा. एवढं मात्र खरं की ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असं रेरा कायदा सांगतो. ठाण्यात मुद्रांक शुल्कच ७ टक्के आहे, फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ६. रजिस्ट्रेशन, दलाली आणि हलवाहलवी वेगळी. एकदा विकून बाहेर पडलात की याच पैशात नौपाड्यात परत यायला मिळणार नाही.

सासूबाईंना नीट विचारा की त्या कशाला ‘इथून’ म्हणतात. त्या घराला, की गोखले रोडला, जांभळी नाक्याच्या भाजीला, कोपिनेश्वरच्या देवळाला, तलावपाळीवरच्या मैत्रिणींना? आणि शेवटच्या त्या कधी तीन जिने उतरून खाली गेल्या होत्या, हेही आठवून बघा. माझा अंदाज आहे की त्यांना नौपाडा हवाय, तिसरा मजला नकोय. तसं असेल तर मला सगळ्यात बरा वाटणारा मार्ग असा: घर विकू नका, पण नौपाडा, पाचपाखाडी किंवा चरईत लिफ्टच्या इमारतीत अकरा महिन्यांसाठी भाड्याने जागा घ्या. करार नोंदणीकृत करा. भाड्याचा बोजा आहे, मान्य. पण बाहेरची भिंत फोडायचं काम नोव्हेंबर ते मे या कोरड्या दिवसांतच होणार, परांची लागणार, प्लास्टर खरवडलं जाणार. ती धूळ त्यांच्या छातीला ओलीइतकीच वाईट. त्या काळात त्यांनी त्या घरात राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि लिफ्टमुळे त्या रोज खाली उतरायला लागल्या तर पुढे कुठे राहायचं हे त्या स्वतःच सांगतील.

पुनर्विकासाची कुजबुज तुमच्या गल्लीतही असेलच. श्रेणी वाईट आली तर तो मार्ग खुला आहे, पण बिल्डर शोधण्याआधी जमीन सोसायटीच्या नावावर आहे का ते बघा. नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मूळ मालकाने किंवा बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं) जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो. गल्लीची रुंदीही विचारा, कारण किती बांधता येईल हे तीवर अवलंबून असतं, आणि नौपाड्याच्या अरुंद गल्ल्यांत बऱ्याच योजना तिथेच अडतात. बिल्डर निवडायची पद्धत सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखालच्या शासनाच्या निर्देशांत दिलीय. ती डावलून कुणी सह्या मागितल्या तर देऊ नका.

मिस्टर गप्प आहेत असं तुम्ही लिहिलंय. राहतं घर आहे, त्यात आई आजारी आणि मुलगा विका म्हणतोय. त्यांना मत विचारण्यापेक्षा काम द्या. सोसायटीचा अर्ज त्यांच्या अक्षरात जाऊ दे, गच्चीचे फोटो त्यांनी काढू देत. ऑडिटचा अहवाल आला की त्यातली श्रेणी आणि छातीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, हे दोन्ही मला लिहून पाठवा. विकायचं की राखायचं त्यावर तेव्हा बोलू.